उजव्या बाजूचे मूत्रपिंड

२०१२ साली माझे डावे मूत्रपिंड काढून धाकट्या भावाच्या ओटीपोटात बसविण्यात आले. त्याआधी घरी आलेल्या आप्तेष्टांनी धीर दिला होता, "देवाने दोन दिली आहेत, त्यातले एक राखीवच." मलाही ते पटले होते.

शस्त्रक्रियेनंतर रक्ताचा अहवाल हाती आला. पूर्वी ०.७ असलेले क्रिएटिनीन १.१ झाले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. भावाला वाचविताना मुलांच्या आईलाच आपण गमावून बसलो की काय, हा विचार छळत राहिला.

सकाळी डॉक्टरांनी निवांत बसून समजावले. राखीव असे काही नसतेच. दोन्ही मूत्रपिंडे जन्मभर राबत असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. एक मूत्रपिंड काढले की त्यातील निम्म्या त्याच दिवशी जातात, आणि प्रौढ शरीरात नवीन गाळणी एकही तयार होत नाही. मात्र उरलेल्या मूत्रपिंडाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आहेत त्याच गाळण्या मोठ्या होतात, त्यांच्या नलिका जाडावतात. काही महिन्यांत ते एकटे मूत्रपिंड पूर्वीच्या दोघांच्या कामापैकी सुमारे दोन तृतीयांश काम करू लागते. उरलेली तूट भरून निघत नाही. माझा १.१ हा आकडा त्या तुटीचा होता, आजाराचा नव्हे. मात्र रक्तदाब सांभाळायचा, वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि वर्षाला एकदा तपासणी चुकवायची नाही, हेही त्यांनी बजावले. (गुडघे दुखू लागल्यापासून यातली दुसरी अट फार जाचते.)

१९५४ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, मूत्रपिंड दिले, ही हकिगत मी पुढे वाचली. रिचर्ड आठ वर्षे जगला. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर छप्पन्न वर्षे. त्या छप्पन्न वर्षांनी मला दिलासा दिला, पण त्या आठ वर्षांवरच मन पुन्हा पुन्हा अडखळे.

माझ्या भावाला नऊ वर्षे मिळाली. त्यात लेकीचे लग्न त्याने उभे राहून पार पाडले.

गेल्या वर्षी सोनोग्राफी करणारा तरुण नवखा होता. "ताई, उजवे मूत्रपिंड जरा मोठे दिसते," असे म्हणत तो बराच वेळ डावीकडे शोधत राहिला. ते २०२१ पासून आमच्या चर्चच्या दफनभूमीत आहे, असे मी त्याला सांगितले. तो गप्प झाला. मग त्याने उजव्याची लांबी लिहून घेतली : ११.८ सेंटिमीटर.