तुसाचं माप

भाताचा दाणा हवा तेवढा वाढत नाही. फूल उमलण्याआधीच तुसाची दोन टरफलं तयार असतात, तांदूळ नंतर त्यांच्यात भरतो. दाण्याच्या लांबीची जनुकं शोधतो असं आम्ही म्हणतो, तेव्हा शोधत असतो तुसाची.

आणि तूस असतं आईचं. आंबेमोहोराच्या फुलातले पुंकेसर काढून त्यावर बासमतीचे परागकण सोडले, तरी येणारा दाणा आंबेमोहोराच्याच तुसात भरतो. ‘सर, संकर जमला नाही का?’ असं नवे विद्यार्थी हमखास विचारतात. जमलेला असतो. तो दाणा पेरावा, रोपाला लोंबी येऊ द्यावी, तेव्हा कुठे त्याचं स्वतःचं तूस पाहायला मिळतं. त्याच्या पुढच्या पिढीत मग आखूड, मध्यम, लांब अशी सगळी मापं एकाच वाफ्यात उभी राहतात. हे वाफे मला फार प्रिय आहेत. प्रत्येक झाडाची मुख्य लोंबी घ्यायची, पोचट दाणे बाजूला काढायचे, भरलेले व्हर्नियरखाली धरायचे. पाण्याचा ताण पडला की वजन लगेच घटतं, लांबी सहसा तशीच राहते. म्हणून माझा भरवसा लांबीवर. मग पानातला डीएनए काढून पाहायचं, की त्याचा कोणता तुकडा लांब दाण्याच्या सोबतीने पिढीत उतरतो. मोजणी ढिली असेल, तर संगणक चुकीच्या ठिकाणीही ठामपणे बोट ठेवतो.

याच वाटेने चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी 2006 मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचं जीएस-३ हे जनुक गाठलं. त्यात ‘सी’च्या जागी ‘ए’ हे एकच अक्षर आलं, की प्रथिन अर्ध्यावर तुटतं. ते प्रथिन लांबीला आवर घालणारं. ते तुटलं की दाणा लांबतो. बासमतीची ऐट अशी एका मोडतोडीतून आलेली आहे, आणि शेकडो वर्षं बियाण्याच्या लोंब्या निवडणाऱ्या हातांनी ती जपली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आंबेमोहोर लांब करावा असं मला मुळीच वाटत नाही. त्याचं दुखणं वेगळं: उंच वाढतो आणि लोळतो. बुटकेपणाचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर, लांबीचं हे तिसऱ्यावर, सुवासाचं आठव्यावर. तिन्ही वेगळी असल्यामुळे बुटकेपणा बाहेरून आणून बाकीची दोन आंबेमोहोराचीच ठेवता येतात, आणि तशी रोपं पानावरूनच, लोंबी येण्याआधी निवडता येतात.