चालीला नाममुद्रा नाही

शिरूरहून न्हावरा मागं टाकलं, पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत केडगाव-चौफुल्याला पोचायचं. सोलापूर हायवेवरचा हा चौफुला लावणीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध. दिवसा नाक मुरडणारेच रात्री फर्माईश पाठवतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

मला तिथं ओढ आहे ती बैठकीच्या लावणीची. बाई पदर सावरून खाली बसते, पेटीवाला सूर धरतो. एकच ओळ ती चारदा घेते. आधी टोमणा, मग लाडीगोडी, तिसऱ्यांदा नुसती भुवई. चौथ्यांदा समेच्या अलीकडेच थांबते. ढोलकीवाला एकटाच पुढं जातो आणि ती हसते. हे बसवलं कुणी? ‘मावशीकडनं आलं,’ एवढंच उत्तर. मावशीला तिच्या आईकडनं.

लावण्या रचणाऱ्या शाहिरांचं बरं होतं. होनाजी असो, परशराम असो की इथून जवळच्या जेजुरीचे सगनभाऊ, शेवटच्या कडव्यात नाव घालून मोकळे. चालीत नाव घालायला जागाच नाही. जुन्नरी, बालेघाटी अशी मुलखाची नावं चिकटली. गाणारीचं एकही नाही.

नाव कशानं टिकतं, हे दूरच्या एका बाईकडं पाहून कळतं. क्रोएशियाची संगीतकार डोरा पेजाचेविच (१८८५-१९२३) सरदार घराण्यातली. पहिल्या महायुद्धात तिनं जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि त्याच काळात, १९१६-१७ मध्ये, आपली सिंफनी लिहिली. बाळंतपणानंतर ३७व्या वर्षी गेली. पुढं कित्येक दशकं तिची फारशी कुणाला आठवण नव्हती. पण स्वर न् स्वर कागदावर होता, म्हणून आज वाद्यवृंद ती सिंफनी वाजवतात. घराणं आणि कागद, दोन्ही चौफुल्याला नाहीत.

लावणीच्या चाली बांधणाऱ्या सिनेमावाल्यांची नावं मात्र पाटीवर आली. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ला वसंत पवार, १९७२च्या ‘पिंजरा’ला राम कदम. दोघंही मोठेच, त्याबद्दल वाद नाही. आता केंद्रातल्या बारीत फर्माईश होते ती सिनेमातल्या लावण्यांचीच, आणि मावशीची ओळ मागं पडते. बैठकीची लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. आपण त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. संगीतकार म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. मलाही हे डोराबद्दल वाचल्यावरच सुचलं.