पान खाल्लेलं दिसू दे

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोकडून घरी येताना एका कुंपणालगत रुई आहे. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक तिची पानं नेतात. पान उलटून पाहिलं तर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. प्लेन टायगर फुलपाखराची. ती आधी पानाची शीर कुरतडते, चिकाचा ओघ तोडते आणि मग पान खायला लागते. रुईचं विष तिच्या अंगात भिनतं, पुढे फुलपाखरातही उरतं. म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

*

गॅलरीतला कढीपत्ता. त्यावर कॉमन मॉरमॉनची अळी. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. डिवचलं की डोक्यामागून तांबडं दुफाटी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. शेजारच्या काकूंना दाखवली. म्हणाल्या, "राहू दे गं, फोडणीपुरती चार पानं उरली म्हणजे झालं."

*

येऊरच्या वाटेवर घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते. मध मिळतो, हे खरं. पण अंडी घालायला मादी दुसरीकडे जाते, अळीला चालेल असं पान शोधत. घाणेरी मूळची अमेरिकेतली. ती माजली की खाली देशी रोपांना डोकं वर काढता येत नाही. नुसत्या फुलांवर फुलपाखरांची पुढची पिढी वाढत नाही.

*

उंबराची फुलं फळाच्या आत असतात. चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, परागकण पोचवते, तिथेच अंडी घालते. फळं पिकली की दिवसा तांबट, बुलबुल, कोकीळ आणि रात्री वटवाघळं. एका झाडावर दोन पाळ्या.

*

फेब्रुवारी 2019 मध्ये समतानगरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा सगळं ठाणं हादरलं. शहरातलं वन्यजीवन म्हणजे आपल्याला असा वाट चुकलेला पाहुणाच आठवतो. कुंपणाकडेची अळी इथलीच रहिवासी, तिची मात्र दखल नाही.

*

घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांनी वडिलोपार्जित वाडीत फुलपाखरांची बाग उभी केली. फुलझाडांबरोबर अळ्यांच्या खाद्यवनस्पतीही लावल्या. फुलपाखरं आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, आली. वाडी नसली तरी सोसायटीच्या कडेची मोकळी पट्टी पुरते.

*

राज्यात 1975 पासून शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो वृक्षांसाठी. रुईचं झुडूप साफसफाईत 'गवत' म्हणून उपटलं जातं आणि त्याबरोबर अळ्याही कचऱ्यात जातात.

*

पावसाळ्याआधी सोसायटीच्या सभेत मांडायचं: मागच्या कुंपणाची रुई राखायची. नव्या रोपांत कढीपत्ता, लिंबू, करंज, बहावा घ्यायचा. पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीवाल्याला बोलवायचं नाही. ते झाड कोणाच्या तरी पोटाला लागलंय, आणि त्याचसाठी ते लावायचं आहे.