क्रूझवर जायचं, पण नेम सांभाळून



मागच्या अष्टमीला बस्तीत दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही क्रूझला जाऊन आलात म्हणे. मग तिथं नेमाचं काय केलंत?" बस्तीच्या पायरीवर उभ्याउभ्या सांगून संपणारी गोष्ट नव्हती, म्हणून आज बैजवार लिहिते.

जाण्याआधी माझं मत अगदी ठाम होतं. जुगार, मांस आणि मद्य, सप्तव्यसनांतली तीन एकाच छपराखाली, आणि तिथं आपण पैसे देऊन राहायला जायचं! मुलाला मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलंच नाही, तिकिटंच काढली. ह्यांची सत्तरी होती आणि ह्यांचे गुडघे कधीचेच सत्तरी ओलांडून गेलेले. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा बांधा आणि सोडा, बसच्या पायऱ्या चढा, हे त्यांना आता झेपत नाही. जहाजावर बॅग एकदाच उघडायची आणि गावं आपल्याकडे येतात. हा मुद्दा मला खोडता आला नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, मात्र एका बोलावण्यात तयार झाल्या. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत आणि नेमाला माझ्यापेक्षा कितीतरी कडक. म्हणाल्या, "समुद्र आपल्याला परका आहे होय गं? श्रीपाल राजा जहाजातूनच गेला होता की."

मी म्हटलं, "आणि धवलशेठनं त्याला ढकललं ते?"

"बुडाला का?" अक्का म्हणाल्या. विषय संपला.

तर जानेवारीत आम्ही सात माणसं सिंगापूरहून निघालो. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, अशा चार रात्री. चातुर्मास नाही, दशलक्षण पर्व नाही, असा महिना मुद्दाम निवडला होता. तुम्हीही तारीख ठरवताना आधी आपलं कॅलेंडर उघडा. अष्टमी-चतुर्दशी कधी येते ते बघून ठेवा, म्हणजे एकाशनाच्या दिवशी बंदरावर उन्हात वणवण करावी लागणार नाही.

आणि त्याहून महत्त्वाचा सूर्यास्त. कुठलं जहाज किती मजल्यांचं, त्यावर घसरगुंडी आहे का, हे मुलं बघतील. आपण बघायचं ते त्या समुद्रावर त्या महिन्यात सूर्य कधी मावळतो. हिवाळ्यात मुंबईहून गोव्याकडे निघालात तर सहा-सव्वासहाला अंधारायला लागतं आणि जेवणाची पहिली पंगतसुद्धा हातची जाऊ शकते. सिंगापूरकडे विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने सूर्यास्त सातच्या आसपासच असतो. भूमध्य समुद्रात जूनमध्ये बार्सिलोनाला रात्री ९ नंतरही ऊन असतं, तिथं रात्रीभोजन त्यागाला काहीच अडचण नाही. दिव्यांच्या झगमगाटात जेवणारी माणसंसुद्धा तिथं आपल्याच वेळेला जेवतात.

मी बी.कॉम. झालेली बाई, तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही. चारही दिवसांचे सूर्यास्त एका कागदावर लिहून घेतले होते. त्यापुढे अक्कांचा वेगळा रकाना, कारण त्या सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच पाणी बंद करतात. माझा नेम सूर्य मावळेपर्यंतचा. गेली एकतीस वर्षं मोडला नव्हता, अगदी बाळंतपणं उरकताना आणि सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्यांतही. हे मिरवायला सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

जेवणाचं म्हणाल तर "जैन मील" हे आरक्षण करतानाच लेखी मागा. पण तेवढ्यावर विसंबू नका. आम्हाला पहिल्या दुपारी जैन म्हणून जे आलं त्यात कांदा-लसूण नव्हता, बटाटा मात्र होता. पुष्कळ आचाऱ्यांना जैन म्हणजे बिनकांदा-लसूण एवढंच माहीत असतं. बटाटा, गाजर, बीट, मुळा, आलं ही नावं चिठ्ठीवर लिहून द्या. अंडं केकमध्ये आणि पास्त्यात असतं, जिलेटिन पुडिंगात आणि थरथरणाऱ्या गोडांत, थाई पदार्थांत माशाचा सॉस, आणि काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. सूप कशाच्या पाण्यात केलंय हेही विचारा. पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या मुख्य वेटरला गाठा. आमचा निघाला गोव्याचा. मराठी समजत होतं. रोज रात्री तो उद्याचा मेनू दाखवायचा आणि आपण आधीच सांगून ठेवायचं. बुफेवर फार अवलंबून राहू नका, तिथं चमचे या भांड्यातून त्या भांड्यात फिरतात. आणि बुफे बघून मन भुलतं ते निराळंच. मी चार दिवसांपुरतं परिमाण घेतलं होतं, एका जेवणाला पाच जिन्नस. शेजारच्या टेबलांवर भरल्या ताटांचे ढीग टाकून उठणारी माणसं पाहिली की त्या पाचाचं समाधान वाटायचं.

घरून खाकरे, लाडू, बिनलसणाचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पाकीटबंद असलं की सहसा अडवत नाहीत, पण बंदरावर उतरताना बरोबर नेऊ नका. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. इंडक्शन शेगडी, इस्त्री, घरची किटली नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात. उकळलेलं पाणी लागत असेल तर काही जहाजांवर खोलीत किटली असते, ते आधी विचारून घ्या. गाळायचं फडकं मात्र प्रत्येकीनं न्यावंच. जहाज लागू नये म्हणून जो तो आल्याच्या गोळ्या सांगतो. आपण सुंठ न्यायची, आणि डॉक्टरांना विचारून गोळी. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर असेल तर हलणं कमी जाणवतं.

बाल्कनीला मी आधी उधळपट्टी म्हटलं होतं. ते शब्द मागे घेते. पहाटे अक्का आणि मी तिथं सामायिकाला बसायचो. भोवती पाणीच पाणी. लहानपणी जंबूद्वीपाच्या नकाशात लवणसमुद्राचं नुसतं निळं कडं बघितलं होतं, त्याची आठवण झाली. देवदर्शनाचा नेम असेल तर मात्र निघण्यापूर्वी महाराजांना किंवा माताजींना विचारून त्यातून सूट घ्या.

आता फुकेतची संध्याकाळ. तिथं पातोंगला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, दूर उभं राहतं आणि लहान बोटीतून उतरावं लागतं. ह्यांना चढउतार करताना दोघांनी धरलं. (तुमच्याकडे गुडघ्याचं कुणी असेल तर कुठल्या बंदरात लहान बोट आहे ते आधीच विचारा. पेनांगला धक्का अगदी शहराला लागून, तिथं काही त्रास नाही.) अक्का त्या दिवशी जहाजावरच राहिल्या. आम्ही परत आलो तेव्हा मोबाइलमध्ये पाच पन्नास. तक्त्यात सूर्यास्त सातवीसनंतरचा. भरपूर वेळ आहे म्हणून मी अंघोळ केली, कपडे आवरले, नातवाच्या चपलांतली वाळू झटकली.

बाल्कनीत आले तर अक्का माळ घेऊन बसलेल्या, आणि समोर सूर्य पाण्याला टेकलेला.

झालं होतं असं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचंच राहिलं होतं आणि माझा तक्ताही त्याच वेळेचा. किनाऱ्यावर मोबाइलनं तिथली वेळ घेतली. परत येताना मुलाच्या सांगण्याप्रमाणे मी तो विमान-मोडवर टाकला, कारण जहाजाच्या नेटवर्कचं बिल फार येतं. म्हणून तो थायलंडच्याच वेळेवर थांबून राहिला. भोजनगृह नऊ मजले खाली. लिफ्टपाशी पोहोचेपर्यंत सूर्य गेला.

"घड्याळात काय बघत बसलीस, समोर बघायचं की," अक्का म्हणाल्या. त्या केव्हाच जेवून बसल्या होत्या.

त्या रात्री साडेआठला सगळ्यांबरोबर टेबलावर बसले, नुसती. ह्यांच्या सत्तरीचा बिनअंड्याचा केक तेव्हाच यायचा होता. पाणीसुद्धा घेत नाही हे बघून वेटर बिचारा घाबरला. त्याचं काही चुकलं असं वाटून एकेक पदार्थ आणून ठेवायला लागला. आणि मुलगा एकदम म्हणाला, "आई, एक दिवस. बाबांसाठी एक घास. तुम्हा दोघांसाठीच केलं ना हे सगळं?"

भूक सोसते, हे सोसत नाही. ह्यांनीच केक कापून माझ्या वाटणीचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "तिचा तू खा." मुलगा खाली मान घालून खात राहिला. मीही गप्प बसले. काय बोलणार? त्याचं दुखलं होतं, आणि नेम मोडला असता तर माझं दुखलं असतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आणि अक्का खाली गेलो, तर मुलगा, सूनबाई, दोन्ही नातवंडं आधीच टेबलावर. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. वेटरनं आमच्या पोळ्या आधीच आणून ठेवल्या होत्या. खिडकीजवळ बसलेला धाकटा नातू सारखा बाहेर बघून बातमी देत होता. अक्का वेळेवर हात धुऊन मोकळ्या झाल्या. माझं रेंगाळत चाललं होतं, तर म्हणाला, "आजी, अर्धा सूर्य राहिलाय, पटकन अर्धी पोळी खा!"

आता हिशोब. जाहिरातीतला आकडा म्हणजे एकूण खर्च नव्हे. बंदराचे कर आणि बक्षिशी वेगळी. मोठ्या अमेरिकी जहाजांवर बक्षिशीच माणशी दर दिवशी १५ ते २० डॉलर होते आणि खात्यावर आपोआप चढते. सात माणसं गुणिले चार दिवस, तुम्हीच करा. शिवाय किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, विमा. आमचं बिल तिकिटाच्या सव्वापट झालं, कसिनोचं तोंड न बघता. परदेशी सहलीवर टीसीएस घेतात, तो विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून तो खर्चात नाही, येण्यात मांडा. सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना ते तपासा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. आणि निघण्यापूर्वीची सुरक्षा कवायत चुकवू नका, लाइफ जॅकेट कुठं आहे ते अक्कांनी माझ्याआधी शोधलं होतं.

एवढं मोठं जहाज, एवढं तेल, एवढं वाया जाणारं अन्न. या हिंसेचा वाटा माझ्याकडे किती येतो, हा प्रश्न मी अजून सोडवू शकलेले नाही. दरवर्षी जाणार का? नाही.

पण परवा दुपारी अक्कांचा फोन आला. कुणीतरी त्यांना सांगितलंय की जूनमध्ये अलास्काच्या जुनो बंदरात रात्री दहापर्यंत सूर्य असतो. "अगं, मग तिकडचं माणशी किती पडतं?"