निप्पूरचे दार

गिल्गमेश महाकाव्यातील देवदारवनाचा प्रसंग कुरखेड्याच्या एका वर्गात वाचून संपला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘हुंबाबा नाकेदार होता की पेन?’ वर्ग हसला. नाकेदार म्हणजे वनखात्याचा माणूस आणि पेन म्हणजे गोंडांचा देव, हे त्या वर्गात कोणास समजावून सांगावे लागत नव्हते. विचारणाऱ्याचे वडील जंगल कामगार सोसायटीच्या कूपावर कुऱ्हाड चालवीत आलेले. आजा गावचा भूमक. दोन्ही पक्ष घरातच नांदत असल्याने हा प्रश्न त्याला विनोद म्हणून सुचलेला नव्हता.

संहितेच्या आधारे उत्तर द्यायचे तर ते सरळ नाही. सिन्-लेकी-उन्निन्नी या नावाशी परंपरेने जोडलेल्या प्रमाण बाबिलोनी संहितेत हुंबाबाची नेमणूक एन्लिलने केलेली आहे. देवदारांचे रक्षण व्हावे आणि माणसांना धाक राहावा, एवढेच त्याचे काम. एन्लिल हा निप्पूरचा देव, देवसभेतील सत्तेचा धनी. वरच्या सत्तेने जंगलात आणून बसवलेला आणि दरारा हेच ज्याचे मुख्य हत्यार आहे असा हा चाकर होय. नाकेदाराचा पक्ष येथवर बळकट आहे. परंतु त्याहून जुन्या सुमेरी काव्यात त्याचे नाव हुवावा आहे आणि हरल्यावर तो सूर्यदेवाला सांगतो की आपल्याला आई ठाऊक नाही, बाप ठाऊक नाही. आपला जन्म डोंगरातला. नेमणुकीवर आलेला माणूस असे बोलत नाही. या काव्यातील गिल्गमेश त्याला युद्धात जिंकत नाही. सोयरीक करण्याचे आमिष दाखवून, आपल्या बहिणी देऊ करून, तो त्याच्या अंगावरची सात तेजे एकेक करून काढून घेतो आणि मग त्याला पकडतो. शेवटी एन्लिल संतापतो; ती तेजे शेतांना, नद्यांना, बोरूच्या बनांना, सिंहांना, राजवाड्याला, अरण्यांना वाटून टाकतो. ज्याच्या मरणानंतर त्याचे तेज शेतात आणि नदीत जाऊन राहते, तो पेनच म्हणावा लागेल. महाकाव्याच्या हजार वर्षांच्या प्रवासात एक स्थानिक दैवत हळूहळू राज्यदेवतेच्या चाकरीत गेले, असे म्हणण्यास येथे निश्चित जागा आहे. ‘की’ या एका अव्ययात त्या विद्यार्थ्याने जो पर्याय मांडला, तो संहितेच्या इतिहासातील दोन थरांचा पर्याय आहे.

वीराचा हेतू मात्र दोन्ही थरांत जवळजवळ एकच राहतो. सुमेरी काव्यात गिल्गमेश नगराच्या तटावरून खाली पाहतो, तेव्हा नदीतून प्रेते वाहत चाललेली दिसतात. आपलेही असेच होणार. तेव्हा डोंगरात जाऊन नाव कोरावे, असे त्याला वाटते. पराक्रमाचा उगम येथे शौर्यात नाही, भयात आहे. समाज या पराक्रमाच्या मागे एकमुखाने उभा आहे असेही नाही. प्रमाण संहितेत उरुकचे वृद्ध त्याला परोपरीने सावध करतात. धर्माचेही तसेच. शमाश त्याला बळ देतो, तेरा वारे सोडून हुंबाबाला जखडतो. ज्याचा चाकर मारला जातो तो एन्लिलही देवच. ‘वीर विरुद्ध राक्षस’ या सोप्या सूत्रात हे महाकाव्य बसवणाऱ्यांनी देवांमधील ही फूट पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

ती गांभीर्याने घेण्यास आता अधिक आधार मिळाला आहे. इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने २०११ मध्ये मिळवलेली पाचव्या पाटीची एक तुटकी प्रत फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे काही हरवलेल्या ओळी भरून निघाल्या. त्यांत देवदारवन निःशब्द, भयाण नाही. पक्षी एकमेकांना साद घालतात, रातकिडे त्यांना साथ देतात, माकडे ओरडतात. जणू एखाद्या राजापुढे रोज वादन चालावे तसे हुंबाबापुढे हे सारे वाजत असते. ज्याला उरुक भय म्हणून ओळखते, तो आपल्या ठिकाणी दरबार भरवून बसलेला राजा आहे. आणि त्याच प्रतीत, झाडे पडल्यावर, एन्किडू मित्राला म्हणतो की आपण अरण्य उजाड केले. आता निप्पूरला एन्लिलला काय उत्तर द्यावे? हा पश्चात्ताप आधुनिक पर्यावरणवादी वाचकाने बाहेरून आणलेला नाही. तो मातीच्या पाटीवर आहे.

पश्चात्ताप गिल्गमेशाला होत नाही, एन्किडूला होतो, हे विशेष. गवत खाणारा, हरणांबरोबर पाणवठ्यावर येणारा एन्किडू शमहतच्या सहवासाने माणसांत आला, भाकरी खाऊ लागला, कपडे घालू लागला. अरण्याची वाट त्यालाच ठाऊक. म्हणून मोहिमेत पुढे तोच. हुंबाबा त्याला ओळखतो. तू लहान असताना मी तुला पाहिले होते, तेव्हा तुझ्या वाटेस गेलो नाही, असे तो म्हणतो, आणि आईबापाविना वाढलेला म्हणून त्याला हिणवतो. गिल्गमेशाचा हात दयेने थबकतो, तेव्हा ‘मार’ म्हणून आग्रह धरणाराही एन्किडूच. दोन जगांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला आपली निष्ठा सिद्ध करून दाखवावी लागते. जो मुळातच उरुकचा आहे त्याला ती गरज नसते. पहिल्या पिढीत शिकून तालुक्याला आलेल्या, गावात ‘साहेबांचा माणूस’ आणि कचेरीत ‘जंगलातला’ ठरलेल्या कुणालाही हे वर्तन अपरिचित वाटू नये. कुरखेड्यात ते कुणाला वाटलेही नाही.

आता दाराकडे वळावे. सर्वांत उंच देवदार तोडल्यावर एन्किडू त्याचे दार करण्याचे ठरवतो. उंची सहा काठ्या, रुंदी दोन काठ्या, जाडी एक हात. बाबिलोनी काठी बारा हातांची, म्हणजे बहात्तर हात उंचीचे हे दार. ते तराफ्यावर घालून युफ्रेटिस नदीतून निप्पूरला न्यायचे आणि एन्लिलच्या मंदिराला बसवायचे. ज्या देवाने रक्षक नेमला, त्याच देवाच्या घराला त्याच अरण्याचे लाकूड. लाच, प्रायश्चित्त आणि भक्ती यांतील सीमारेषा या दानात पुसून जाते. महाकाव्यातील पराक्रम, धर्म आणि समाज यांचा संबंध तात्त्विक भाषेत मांडण्याचे अनेक प्रयत्न झाले असतील. पण तो जितका या दारात दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही.

देव लाच घेत नाही. सातव्या पाटीचा आरंभ हरवला आहे. तो प्रसंग एका हित्ती गद्यरूपावरून कळतो. देवसभेत दोघांपैकी एकाने मरावे असे ठरते आणि एन्लिल एन्किडूचे नाव घेतो. मग ज्वरात एन्किडू त्या दाराशी बोलू लागतो, जणू ते माणूस आहे. तू असे फेडशील हे ठाऊक असते, तर कुऱ्हाड घेऊन तुला फोडले असते, नाहीतर सिप्परला शमाशच्या मंदिरात नेऊन बसवले असते, असा त्या बोलण्याचा भाव. माझ्यानंतरच्या एखाद्या राजाने तुझ्यावरचे माझे नाव खोडून आपले घालावे, असेही तो म्हणतो. नाव टिकावे म्हणून निघालेल्या मोहिमेचा हा शेवट. त्यानंतर तो शमहतला शापतो. तेव्हा शमाश त्याची समजूत काढतो : तिने तुला भाकरी दिली, मद्य दिले, वस्त्र दिले, गिल्गमेशासारखा सखा दिला, उरुकचे लोक तुझ्यासाठी रडतील. एन्किडू शांत होतो आणि शापाचा आशीर्वाद करतो. बहुतेक भाष्यकार येथे समेट पाहतात. पण हा हिशेब पुन्हा वाचावा. शमाशने जे जे मोजले ते सारे उरुकचे आहे; हरणे आणि पाणवठा त्यात कुठेच नाहीत.

मराठी वाचकाला येथे खांडववनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) मयसभेच्या निमित्ताने त्या दाहाचा जो हिशेब मागितला, तो मराठी समीक्षेने म्हणावा तसा पुढे नेला नाही. एक फरक ध्यानी घ्यावा. खांडवातून निसटलेला मय सभा बांधून देतो आणि पांडवांचे वैभव वाढवतो. बेबिलोनच्या कवीने मात्र आपल्या मयाला मरताना बोलू दिले.

तुलना अधिक जवळ आणायची तर बल्लारपूरपर्यंत यावे लागते. मार्च २०२३ मध्ये तेथील लाकूड आगारातून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी या दोन जिल्ह्यांच्या जंगलातील सागवान पूजा करून, मिरवणूक काढून रवाना झाले. येथे घाईने समीकरण मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. ते लाकूड वनखात्याच्या रीतसर व्यवस्थेतून आलेले होते, कुणा रक्षकाचा वध झालेला नव्हता. आणि आपल्या रानाचा साग देवाच्या दाराला लागतो याचा अभिमान अनेकांना वाटला, तो खोटा नव्हता. तरीही महाकाव्याचा वाचक एवढे विचारू शकतो, की दारावर नाव कोणाचे राहते? निस्तारपत्रकात जळाऊ लाकूड आणि बांबू यांचे हक्क लिहून घेणारी गावे त्या मिरवणुकीच्या वर्णनात कोठे होती? जवळच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा राखणदारी नेमणुकीची की जन्माची हा मागच्या बाकावरचा प्रश्न निदान एका गावापुरता कागदावर सुटला.

गोंडांच्या स्वतःच्या गाथेला यावर काय म्हणायचे आहे? लिंगोच्या कथेतही झाडे तोडली जातात. लिंगोच्या सांगण्यावरून भाऊ रान साफ करून धानाचे शेत करतात. नीलगाईंचा कळप ते खातो. लिंगो त्यांची शिकार करतो, आणि कळपातील एक नर व एक मादी तेवढी वाचते. तेव्हा अरण्यवासी निष्पाप आणि नगरवासी लुटारू अशी विभागणी करणाऱ्यांना या गाथेचा आधार मिळणार नाही. फरक पुढे आहे. लिंगोलाही त्याचेच भाऊ मारतात, तो पुन्हा जिवंत होतो. आणि मग तो नाव कोरायला कुठे जात नाही. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवण्यासाठी तो गुहेच्या तोंडावरची शिळा हटवतो, त्यांची कुळे पाडतो, त्यांना देव वाटून देतो आणि दिसेनासा होतो. एक वीर अरण्यातून लाकूड आणून दार बसवतो, दुसरा दगड सारून दार उघडतो. ज्या गुहेला गोंड ही जागा मानतात ती कचारगडची गुहा गोंदिया जिल्ह्यात, कुरखेड्याच्या उत्तरेला आहे. माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते.

ही गाथा छापील रूपात आली त्यालाही एक दार आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या तोंडून ती उतरवून घेतली. १८६३ मध्ये ते वारल्यावर त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिंदुस्थानचा पहिला वनकायदा १८६५ चा. गाथा आणि जंगल एकाच सुमारास दप्तरात जमा झाले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हिस्लॉपच्या पुस्तकात गोंडी संहिता रोमन लिपीत आहे आणि सोबत इंग्रजी अर्थ आहे.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने या पानांच्या झेरॉक्स प्रती गावी नेल्या आणि आज्याला वाचून दाखवल्या. आज्याने त्याला तीन ठिकाणी थांबवले, दोन नावे दुरुस्त केली, आणि एक प्रसंग पुस्तकात आधी का आला असे विचारले. तो तर गुहा उघडल्यावरचा आहे, असे त्याचे म्हणणे. विद्यार्थ्याने पेन्सिलीने समासात तशी खूण करून ठेवली आहे.