प्रवाळबेटांवर जाण्यापूर्वी

लक्षद्वीपचा बेत आखत असाल, तर प्रथम गुडघ्यांना विचारा आणि मगच तारीख ठरवा. प्रवाळाच्या कड्याने अडवलेले तेथील उथळ, संथ पाणी वृद्धांना मानवणारे आहे. तेथवर पोहोचणे मात्र तितके सुखाचे नाही. कोचीहून जहाजाला बेटानुसार 14 ते 18 तास लागतात आणि कित्येक बेटांपाशी ते कड्याबाहेरच थांबते. मग लाटांवर हेलकावणाऱ्या लहान होडीत उतरावे लागते. खलाशी हात देतात, पण पाऊल आपल्यालाच टाकायचे असते. ज्यांना घरचा जिना कठड्याशिवाय चढवत नाही, त्यांनी कोचीहून विमानाने अगत्तीला जावे व तेथेच राहावे. बंगारामसाठी पुन्हा होडी आलीच.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. प्रवेशपरवाना आधी काढावा.

बेटांवर इस्पितळे आहेत. तथापि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. म्हणून अलीकडे छातीत दुखले असेल, तर बेत पुढे ढकलणेच श्रेयस्कर. औषधे दुप्पट न्यावीत व निम्मी हातातील पिशवीत ठेवावीत. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास उकाड्यात तिचे प्रमाण काय असावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींनी अनवाणी पाण्यात उतरू नये. बधिर तळव्याला प्रवाळाची धार कळत नाही आणि जखम चिघळते. सोबत जाणाऱ्यांनी रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली पाहावेत. शहाळी तेथे मुबलक. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र त्यातील पोटॅशियममुळे ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.