चपडा आणि सुई

मोहगावच्या घरी माळा आवरताना आबाजींची पत्र्याची पेटी निघाली. एकवीस रेकॉर्डी, सगळ्या दहा इंची, दोन फुटलेल्या. एकावर एक आडव्या रचलेल्या, म्हणून खालच्या तीन बशीसारख्या झाल्यात. वर टिनाचं छप्पर आणि सौंसरकडचा मे महिना. लाख मऊ पडायला आणखी काय लागतं? आता जाड पाकिटांत घालून थंड खोलीत उभ्या लावल्या आहेत.

*

रेकॉर्ड म्हणजे लाखच, तिचा चपडा. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे करतात, तीच. शिवाय दगडाची भुकटी आणि काजळी. आई म्हणाली, "म्हणजे बांगडीच की!"

*

पुसायला मी स्पिरिट आणलं होतं. दारं पॉलिश करायला आलेले सुतारकाका ओरडलेच, "स्पिरिटनं पुसून रायला का बाबू? चपडा हाय ना थो! आमी स्पिरिटमंदीच त इरघळवतो त्याले!" मी चार पुस्तकं वाचून बसलो होतो, तरी हातात बाटली होतीच. विनाइलच्या एलपीला स्पिरिट चालून जातं, ही रेकॉर्ड त्यात विरघळते. आता बॅटरीत घालतात ते पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, खाचेच्या वळणानं. मधलं लेबल कोरडंच ठेवायचं. मग लगेच टिपून सावलीत उभी करायची.

*

जुन्या फोनोत सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असे. दगडाची भुकटी त्यासाठीच: पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराची व्हावी. सुई झिजायची म्हणून रेकॉर्ड टिकायची, आणि म्हणून दर बाजूला नवी सुई. आबाजी चिकट. त्यांची दोनशे सुयांची डबी अजून अर्धी भरलेली आहे. परिणाम रेकॉर्डींवर दिसतो: बालगंधर्वांच्या खाचा राखाडी पडल्यात. सगळ्यांत कोरी करकरीत कुठली, तर कीर्तनाची.

*

टर्नटेबलला एलपीची सुई असते, इंचाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक. या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींच्या खाचेला साधारण तिप्पट रुंद लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, कचऱ्यात लोळते. रुंद सुई भिंतींना टेकते आणि गाणं भिंतींवर असतं. ७८ची सुई वेगळी विकत मिळते. माझ्या सुईवर भार चार ग्रॅम. आधी एक स्वस्त पेटीवाला प्लेअर घेतला होता. तिन्ही वेग, पण सगळ्यांना एकच सुई. तो भाच्याला दिला.

*

माझ्या टर्नटेबलवर ७८चा वेगच नाही. ४५वर वाजवून संगणकात भरायचं आणि तिथे १.७३३ पट पळवायचं. ४५वर बालगंधर्वांना अचानक मिशा फुटतात. बरं, जुन्या रेकॉर्डी नेमक्या ७८च्याच असतील असंही नाही. साथीचा ऑर्गन घरच्या पेटीच्या एखाद्या पट्टीत बसेपर्यंत वेग थोडा इकडेतिकडे सरकवून बघतो.

*

डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो केला की खरखर बरीच कमी होते. उरलेली पुसायचा मोह आवरतो, कारण तिच्याबरोबर तंबोराही जातो.

*

मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. तिथल्या सुरेश चांदवणकरांनी यातच आयुष्य घातलं. अशा लोकांना विचारायचं तर लेबलवरचा क्रमांक हवा आणि लेबलाभोवतीच्या काळ्या पट्टीत कोरलेलाही. वही केली. प्रत्येक बाजू एकदा वाजवून भरून घ्यायची, मग रेकॉर्डीला विश्रांती.

*

सुतारकाका संध्याकाळी ऐकायला बसले. तीन मिनिटांत बाजू संपली.

"झालं?"

"एका बाजूले एवढंच मावते, काका."

त्यांनी उठून मोरीवर कोपरापर्यंत हात धुतले, पंच्याला पुसले, उजेडात धरून बोटं पाहिली आणि मग रेकॉर्ड कडेनं धरून उलटली.